‘डिझाइन’ शब्द एक आहे म्हणून विषय एक होत नाही: विद्या परिषदेला खुलं पत्र

विद्या परिषदेच्या सन्माननीय सदस्यांनो,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात नोटीस बोर्डावर एक कागद लागला. त्यात म्हटलंय की डिझाइन हा विषय पाच विभागांत शिकवला जातोच, त्यामुळे सगळ्या विभागांचा मिळून जो संयुक्त स्टुडिओ चालतो (पाचही विभागांची मुलं एका गटात बसून एक काम करतात तो वर्ग) ती पुनरावृत्ती आहे, सबब पुढच्या सत्रापासून तो बंद. हा स्टुडिओ मी सहा वर्षं घेतेय, तासिका तत्त्वावर, आणि मला हा निर्णय एका विद्यार्थिनीने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून कळला. दोनदा भेटायला आले, अर्ज दिला, पोच मिळाली, उत्तर नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. माझे तास जातात हे कारण नाही, तास दुसरीकडे मिळतील. त्या कागदावरचा ‘पुनरावृत्ती’ हा शब्द मला गिळता येत नाहीये, आणि का ते नीट सांगते.

मी मूळची मेकॅनिकलची. पहिल्या नोकरीत एका मशीनच्या कंट्रोल असेंब्लीचं काम माझ्याकडे आलं. दोन लिव्हर होते शेजारी शेजारी, एकाने जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, घट्ट धरला जायचा आणि दुसऱ्याने रॅम, म्हणजे दाब देणारा जड भाग, खाली यायचा. दोन्हींचे नॉब सारखे, कारण एकच पार्ट नंबर ठेवला की स्टोअरला सोपं, खरेदीला सोपं, आणि सुटे भाग कमी ठेवणं म्हणजेच चांगलं डिझाइन हे मी चार वर्षं शिकून आले होते. लोड काढला, मटेरियल बघितलं, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) दिले, फॅक्टर ऑफ सेफ्टी (गरजेपेक्षा किती जास्त मजबुती ते) भरपूर होता, ड्रॉइंग चेक झालं, सही झाली. काही महिन्यांनी रात्रपाळीत एका ऑपरेटरने चुकीचा लिव्हर ओढला आणि त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. रिपोर्टमध्ये कारण लिहिलं, ऑपरेटरची चूक. त्या मीटिंगमध्ये मी बसले होते आणि मलाही ते पटलं होतं, कारण माझ्या ड्रॉइंगमध्ये खरंच एकही आकडा चुकलेला नव्हता.

बऱ्याच वर्षांनी कळलं की हा प्रश्न माझ्या जन्माआधीच कुणीतरी सोडवून ठेवला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं नीट उतरायची आणि मग धावपट्टीवरच पोटावर बसायची, कारण वैमानिक फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) वर घ्यायच्या ऐवजी चाकं आत घ्यायचे, आणि तिथेही कारण हेच लिहिलं जायचं, वैमानिकाची चूक. अल्फॉन्स चपॅनिस नावाच्या माणसाने कॉकपिट बघितलं तेव्हा त्याला दिसलं की दोन्ही कंट्रोल शेजारी आहेत आणि हाताला सारखेच लागतात. त्याने चाकांच्या कंट्रोलवर छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या कंट्रोलवर पाचरीच्या आकाराचा तुकडा. झालं, न बघता हाताला कळायला लागलं. चपॅनिस मानसशास्त्रज्ञ होता. मी शिकत होते तेव्हा मानसशास्त्राच्या पुस्तकांचं कपाट लायब्ररीत आमच्या मशीन डिझाइनच्या कपाटाच्या बरोब्बर मागे होतं, पाठीला पाठ लावून, आणि चार वर्षांत मी एकदाही त्या बाजूला गेले नाही, कारण तिकडे आपलं काही असेल असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या ऑपरेटरची बोटं मला अजून आठवतात. स्टुडिओ घ्यायला मी हो म्हटलं ते त्यामुळे.

आता पुनरावृत्तीबद्दल. दोन वर्षांपूर्वीचा एक गट होता. काम गोळ्यांच्या डबीचं, संधिवातामुळे ज्यांच्या बोटांत जोर राहिलेला नाही अशा वयस्कर माणसांना उघडता येईल असं झाकण करायचं. पहिल्याच दिवशी मेकॅनिकलची मुलगी म्हणाली माझं डिझाइन झालंय, आणि तिने मापं टाकलेलं ड्रॉइंग टेबलवर ठेवलं. उपयोजित कलेचा मुलगा म्हणाला डिझाइन अजून सुरूच झालेलं नाही, आपण एका तरी माणसाला भेटलोय का. कॉम्प्युटरवाला म्हणाला आधी डिझाइन करू मग बाकीचं बघू, आणि गोळी घेतल्याची नोंद कुठून कुठे जाणार याचे चौकोन आणि बाण काढायला लागला. मॅनेजमेंटच्या मुलीने रंगीत चिठ्ठ्या काढल्या, म्हणाली डिझाइन म्हणजे आधी लोकांच्या अडचणी मांडायच्या. संख्याशास्त्राची मुलगी इतका वेळ गप्प होती, तिने शेवटी विचारलं, पण तुमचं डिझाइन काय आहे, माणसं किती, क्रम कुठला? चौघंही तिच्याकडे बघत राहिले. पुढची चाळीस मिनिटं जे भांडण झालं त्यात मी मध्ये पडले नाही. पाचही जण शंभर टक्के बरोबर होते आणि पाचही जण एकच शब्द वापरून पाच वेगळ्या गोष्टी बोलत होते.

पुढे काय झालं ते ऐका. नवं झाकण तयार झालं, बारा जणांना आधी बाजारातली साधी डबी उघडायला दिली आणि मग नवी. नवी भराभर उघडली. मेकॅनिकलची मुलगी खूश. संख्याशास्त्रवाली म्हणाली, सगळ्यांनी जुनी आधी उघडली, तोवर हात मोकळा झाला आणि काय करायचं ते कळलं, मग दुसरी लवकर उघडणारच ना. परत केलं, नवी माणसं घेतली, कुणी कुठली डबी आधी उघडायची ते चिठ्ठी टाकून ठरवलं, आणि फरक जवळजवळ गायब झाला. मेकॅनिकलची मुलगी त्या दिवशी कुणाशी बोलली नाही. मग कलेच्या मुलाने त्याची वही उघडली. तो सगळा वेळ नुसते हात काढत बसला होता, आम्हाला वाटलं टाइमपास करतोय. त्या पानांवर सरळ दिसत होतं की ही माणसं अंगठा आणि बोटाच्या चिमटीत झाकण धरतच नाहीत, ती तळहात वरून दाबतात आणि मनगटाने फिरवतात. म्हणजे आमचं झाकण ज्या हातासाठी केलं होतं तो हात तिथे नव्हताच! मग मेकॅनिकलच्या मुलीने गणित नव्याने मांडलं, झाकण फिरवायला लागणारा टॉर्क, म्हणजे पीळ, तेवढाच धरला तर त्रिज्या वाढवली की हाताचा जोर त्या प्रमाणात कमी लागतो, आणि तिने तळहातात बसेल असं रुंद, तीन पाकळ्यांचं झाकण केलं. पुन्हा चिठ्ठ्या टाकून चाचणी घेतली. या वेळी फरक टिकला.

यातली पुनरावृत्ती मला कुणीतरी दाखवा. वहीतल्या त्या हातांशिवाय चुकीच्या गोष्टीचं गणित झालं असतं, गणिताशिवाय ती चित्रं वहीतच राहिली असती, आणि चिठ्ठ्या टाकल्या नसत्या तर पहिलंच झाकण पास होऊन आम्ही सगळे टाळ्या वाजवत घरी गेलो असतो. संख्याशास्त्राच्या मुलीचं ‘डिझाइन’ म्हणजे जे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९३५ च्या पुस्तकात मांडलं ते, त्या पुस्तकाच्या नावातच डिझाइन आहे आणि तिथे वस्तू घडवण्याशी काही संबंध नाही, कशाची तुलना कशाशी, कुठल्या क्रमाने, आणि तो क्रम नशिबावर कसा सोडायचा हे आकडे हातात यायच्या आधी ठरवणं म्हणजे डिझाइन. कलेच्या मुलाचं जे होतं त्याचं वर्णन व्यावसायिक विचार कसा करतात याचे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये केलंय, काढायचं, काढलेलं काय सांगतंय ते बघायचं, परत काढायचं, परिस्थितीशी बोलल्यासारखं. कायद्यात तर नोंदणीकृत डिझाइन म्हणजे वस्तू दिसते कशी एवढंच, चालते कशी त्यासाठी पेटंट वेगळं. अर्थशास्त्रात हात लावायलाही काही नसतं, ॲल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये लॉइड शॅप्ले यांच्यासोबत नोबेल मिळालं ते नियम कसे आखायचे या कामासाठी, ज्यातून किडनीच्या अदलाबदलीत कुणाची कुणाशी जुळते ते ठरवता येतं, आणि तेही त्याला डिझाइनच म्हणतात. जीवशास्त्रवाले उलट या शब्दापासून लांब पळतात, फ्रेंच जीवशास्त्रज्ञ फ्रान्स्वा जाकोबने १९७७ मध्ये लिहिलं होतं की उत्क्रांती इंजिनिअरसारखी काम करत नाही, हाताशी असेल ते जोडून भागवणाऱ्या माणसासारखी करते.

ही नुसती व्याख्यांची गंमत नाहीये. प्रत्येक विभाग काम झालं असं कधी मानतो, आणि पुरावा म्हणून काय मान्य करतो, तिथेच खरा फरक आहे. इंजिनिअर आकडा मर्यादेत आला की थांबतो. प्रोग्रामर विचारतो उद्या एक भाग बदलला तर बाकीचं मोडेल का. आणि काही कामं अशी की तिथे थांबायची खूणच नसते. डिझाइन आणि नियोजनाचे अभ्यासक हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी १९७३ मध्ये नियोजनाच्या प्रश्नांबद्दल हेच लिहिलं, की तिथे उत्तर बरोबर किंवा चूक नसतं, चांगलं किंवा वाईट असतं, आणि प्रश्न संपला हे सांगणारा नियम नसतो. पाच वर्षं एकाच पद्धतीत काढलेल्या मुलाला दुसऱ्याची पद्धत आळशीपणा वाटते किंवा अडाणीपणा वाटतो, हे मी दर सत्रात बघते.

आणि ही सवय आपणच लावतो. डिझाइन करणारी माणसं विचार कसा करतात याचे अभ्यासक ब्रायन लॉसन यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला होता, रंगीत ठोकळे द्यायचे, ते असे मांडायचे की बाहेरच्या बाजूंवर एक ठरावीक रंग जास्तीत जास्त दिसेल, पण एक लपलेला नियमही असायचा, कुठले ठोकळे सोबत चालतात याचा, आणि तो सांगितलेला नसायचा. विज्ञानाच्या वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी आधी वेगवेगळ्या मांडण्या करून नियम शोधायचा प्रयत्न केला. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी आधी चांगली दिसेल अशी मांडणी केली, ती चालली नाही तर पुढची. एकाने प्रश्नाचा पाठलाग केला, दुसऱ्याने उत्तराचा. मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढचा वाटतो. हाच प्रयोग त्यांनी शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या आणि आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाच्या मुलांवर केला तेव्हा असा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे मुलं वेगळी येत नाहीत, आपल्याकडे राहून वेगळी होतात. ज्या संस्थेने पाच वेगळे साचे तयार केलेत तिनेच ते एकमेकांना भेटतील अशी एक खोली तरी ठेवायला नको का?

आता माझ्या तक्रारी, एकेक करून.

पहिली, तुम्ही पेपरांची नावं मोजलीत, अभ्यासक्रम वाचले नाहीत. वाचले असते तर पाचांपैकी कुठल्याही दोन अभ्यासक्रमांत एखादा धडा तरी सामाईक आहे का ते दिसलं असतं. मी वाचलेत, नाहीये. एक उदाहरण देते. कॉम्प्युटरची मुलं २३ डिझाइन पॅटर्न (प्रोग्राम लिहिताना पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणींची ठरलेली उत्तरं) पाठ करतात, १९९४ च्या पुस्तकातले. पॅटर्न ही कल्पनाच आली ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराकडून, ज्याचं पुस्तक १९७७ चं, आणि ते घरं, गल्ल्या, शहरं, खिडकीतली बसायची जागा याबद्दल आहे. १९९६ मध्ये प्रोग्रामर मंडळींनी त्याला बोलावलं तेव्हा त्याने त्यांना साधारण हाच प्रश्न टाकला, की तुमच्या पॅटर्नमुळे माणसांचं जगणं सुधारतंय का. आपल्या कॉम्प्युटर विभागाच्या पेपरात अलेक्झांडरचं नाव नाही, प्रश्न तर लांबच. हे त्या विभागाला नावं ठेवायला लिहीत नाहीये, तिथल्या सरांना स्वतःच याचं वाईट वाटतं.

दुसरी, कुणालाही विचारलं नाही. स्टुडिओ करून बाहेर पडलेल्या एकाही विद्यार्थ्याला नाही, शिकवणाऱ्या पाचांपैकी कुणालाही नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे तुमच्यापैकी एकही जण एकदाही ज्युरीला, म्हणजे मुलं आपलं काम परीक्षकांसमोर मांडतात तिथे, येऊन बसलेला नाही. आमंत्रण दर वर्षी पाठवलंय, माझ्याकडे मेल आहेत.

तिसरी तक्रार त्या मुलांसाठी, ज्यांचा स्टुडिओ एक सत्र झालाय आणि दुसरं राहिलंय. त्यांना सांगितलंय की क्रेडिट भरून काढायला कुठलाही ऑनलाइन कोर्स करा. अर्धं मॉडेल बाकावर ठेवून, टीम सोडून, व्हिडिओ बघून क्रेडिट. कागदावर बेरीज जुळेल, हो.

चौथी, आणि यावर मी जास्त बोलणार आहे. पर्याय म्हणून असं सुचवलं जातंय म्हणे की प्रत्येक विभागाने आपल्या पेपरात इतर शाखांच्या दृष्टिकोनाचं एक प्रकरण घालावं. असं प्रकरण मेकॅनिकलमध्ये मेकॅनिकलचेच शिक्षक शिकवतील, पाच गुणांची टीप येईल, आणि मुलगा पास होऊन समजेल की मला आता बाकीच्यांचं कळतं. दुसऱ्या शाखेचा माणूस टेबलाच्या पलीकडे बसून तोंडावर नाही म्हणतो तेव्हा जे शिकायला मिळतं ते प्रकरणातून मिळत नाही. आणि न मिळाल्याची किंमत मोठी असते. १७ जुलै १९८१ ला कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलमधले टांगलेले पादचारी पूल कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ रचनेत वरचा आणि खालचा पूल छतापासून येणाऱ्या एकाच सलग लांब रॉडवर लटकणार होता. बनवताना तो रॉड दोन तुकड्यांत केला, एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत. दिसायला जवळपास तेच, पण आता खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईलाच लटकला आणि तिथल्या नटवर दोन्ही पुलांचा भार आला, म्हणजे दुप्पट. मूळ जोडसुद्धा पुरेसा मजबूत नव्हता हे नंतर निघालं. ड्रॉइंग एका टेबलावरून दुसऱ्यावर गेलं, मंजूर झालं, आणि नंतर वाद काय झाला माहितीये का, की तो जोड ‘डिझाइन’ करणं कुणाचं काम होतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरांचं म्हणणं, बनवणाऱ्यांचं. शेवटी जबाबदार इंजिनिअरच ठरले, परवाने गेले. दोन्हीकडे शिकलेली, हुशार माणसं होती. हे वाचते तेव्हा मला माझे दोन लिव्हर दिसतात.

आमच्याही चुका आहेत, त्या लपवत नाही. वेळापत्रक जुळवणं हा दर सत्राचा मनस्ताप आहे. गुणांचा गोंधळ तर खराच, एकाच गटात एकाच कामासाठी एकाला ८१ आणि दुसऱ्याला ५४ पडलेत, कारण प्रत्येकाचे गुण त्याच्या त्याच्या विभागाने दिले, एका परीक्षकाने वहीसुद्धा उघडली नाही आणि दुसऱ्याने गणिताचं पान उलटून टाकलं. पालकांनी तक्रार केली ती योग्यच केली. पण गुण देण्याची पद्धत चुकली तर ती पद्धत सुधारायची, विषय कशाला बंद करायचा?

आमच्या मागण्या साध्या आहेत.

हा निर्णय एक वर्ष थांबवा, आणि ज्यांचं दुसरं सत्र राहिलंय त्यांना ते काहीही झालं तरी पूर्ण करू द्या. ज्या बैठकीत हे ठरलं तिचं इतिवृत्त जाहीर करा, पुनरावृत्ती कुणी, कशाच्या आधारावर ठरवली ते आम्हाला वाचू द्या. पाचही विभागांकडून एकेक पान लिहून घ्या, आम्ही डिझाइन कशाला म्हणतो, काम झालं हे कशावरून ठरवतो, आणि पुरावा म्हणून काय चालतं. बाकी काही नाही, एक पान. ती पाच पानं शेजारी शेजारी ठेवा आणि मग पुनरावृत्तीचं बोला. परीक्षक कायम दोन असावेत, दोन वेगळ्या विभागांचे, आणि गुण दोघांनी एकत्र बसून, कारण लिहून द्यावेत. आणि मानसशास्त्र विभागाला स्टुडिओत घ्या. ही मागणी माझी एकटीची आहे, सहा वर्षं करतेय, आणि ती का करतेय ते वर लिहिलंय.

तुमची पुढची बैठक याच महिन्यात आहे असं कळलं. वर्कशॉपमधल्या आमच्या कपाटाची किल्ली महिनाअखेरपर्यंत माझ्याकडे आहे, नंतर जमा करायला सांगितलंय. ती डबी, तिची तिन्ही झाकणं, चाचणीचे तक्ते आणि हातांची ती वही (मुलाने दिलीये, परवानगीने) टेबलवर मांडून ठेवतेय. रोज दुपारी दोन ते पाच मी तिथे असते. बैठकीच्या आधी या, एकटे या किंवा सगळे मिळून या, झाकणं स्वतः उघडून बघा, आणि वही पहिल्या पानापासून चाळा.

आपली,
संयुक्त स्टुडिओची एक अध्यापिका